जुनी गाडी रंगवायची आहे? मग रंग आधी काढून आणू नका

फियाट, अ‍ॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेरल्ड किंवा त्यांच्याही आधीची एखादी विलायती गाडी सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या ग्राहकांना डेंटिंग-पेंटिंग म्हणजे काय, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. हे पत्रक एकाच कारणासाठी छापले आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हापासून बडोद्यात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर काढण्याचा उत्साह वाढला आहे, आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. मात्र मकरपुऱ्यातील आमच्या कार्यशाळेत येणाऱ्या यांपैकी बऱ्याच गाड्या दुसरीकडे रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइड प्रायमरचा (रंगाखाली मारायच्या तांबड्या थराचा) एक हात मारून येतात. सोबत अपेक्षा असते की, तेवढे काम वाचले असल्याने आम्ही दर कमी करावा. प्रत्यक्षात अशा गाडीला वेळ अधिक लागतो आणि खर्चही अधिक येतो. तो का, हे येथे सविस्तर सांगतो.

अंगावरचा जुना रंग, तो कितीही विटलेला असला तरी, आम्हाला गाडीची बरीच माहिती देतो. एखाद्या न दिसणाऱ्या जागी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ धरला की रंग कोणत्या जातीचा आहे ते कळते: रंग बोळ्यावर उतरला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून वाळणारा जुन्या पद्धतीचा रंग), फुगून सुरकुत्या पडल्या तर बहुधा सिंथेटिक इनॅमल, आणि काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) घातलेला रंग. ही चौकशी रिकामी नाही, कारण जुन्या एनसीच्या थरावर तीव्र थिनरचा नवा रंग थेट मारला तर खालचा थर विरघळून वरचा उचलला जातो. तीच जागा बारीक पॉलिश पेपरने उतरती घासली की एकावर एक चढलेले थर दिसतात आणि गाडी किती वेळा व कोणत्या रंगात रंगवली गेली, हे समजते. जाडी मोजणारे यंत्र फिरवले की लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) कुठे भरली आहे तेही उघड होते. कारखान्यातून निघालेल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, तर लांबीच्या जागी आकडा त्याच्या कितीतरी पट चढतो. रंग आणि लांबी दोन्ही खरवडून टाकल्यावर या अपघातखुणा शोधण्याचा सोपा मार्ग राहत नाही.

त्याहून मोठे नुकसान मूळ रंगछटेचे होते. बाहेरचा रंग उन्हाने फिका पडतो, पण डॅशबोर्डच्या खाली, दारांच्या आतील पॅडमागे आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात तो पुष्कळदा जसाच्या तसा टिकून असतो, आणि छटा जुळवण्यासाठी आम्हाला तेवढा तळहाताएवढा तुकडा पुरतो. हौसेने काम करणारा माणूस नेमक्या याच जागा आधी साफ करतो. मग आमच्या हाती उरतात घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि कृष्णधवल छायाचित्रे. मोबाइलवर पाठवलेल्या चित्रावरून रंग बनवून देण्याची विनंती आम्ही नम्रपणे नाकारतो, कारण प्रत्येक कॅमेरा आणि प्रत्येक पडदा छटा बदलतो. त्याऐवजी आम्ही पत्र्याच्या तुकड्यावर नमुना रंगवून तो उन्हात गाडीशेजारी धरून दाखवतो, आणि आपल्या होकाराशिवाय पुढचा रंग कालवत नाही.

आता पत्र्याविषयी. घाईने रंग काढण्यासाठी ग्राइंडर वापरला जातो. त्याने पत्रा झिजतो आणि एका जागी तापून पसरतो. बॉनेटसारखा सपाट, रुंद भाग मग तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा दाबताच आत जातो आणि सोडताच टक् करून बाहेर येतो. असा पत्रा पुन्हा ताणात आणणे हे रंगाऱ्याचे काम नसून कसलेल्या डेंटरचे आहे, आणि ते तासांच्या हिशेबाने होत नाही. काही जुन्या विलायती गाड्यांच्या सांध्यांवर शिशाची भराई असते. ब्लो लॅम्पने रंग जाळताना ती वितळून ओघळते. जुन्या रंगातही शिसे असू शकते, म्हणून त्याची कोरडी धूळ घरच्या अंगणात, विशेषतः लहान मुलांच्या आसपास, उडवू नये.

कॉस्टिक सोडा किंवा पेंट रिमूव्हरने रंग काढलेल्या गाडीची आम्हाला सर्वांत अधिक धास्ती वाटते. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो. त्या दुमडीत शिरलेले रसायन नुसत्या धुण्याने निघत नाही. नवा रंग देखणा दिसतो, गाडी घरी जाते, आणि काही महिन्यांनी दाराच्या खालच्या कडेला फोड येऊ लागतात. तक्रार अर्थातच आमच्याकडे येते. म्हणून अशा गाडीची प्रत्येक दुमड आम्ही पुन्हा धुऊन, वाळवून, तपासून घेतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात गाडी उभी होती का, हेही कृपया मोकळेपणाने सांगावे. दारांच्या तळाशी व उंबऱ्यांच्या पोकळीत बसलेला गाळ आधी काढावा लागतो.

रेड ऑक्साइड प्रायमर मारला म्हणजे पत्रा सुरक्षित झाला, ही समजूत चुकीची आहे. हा थर सच्छिद्र असतो. पावसाळी हवेतला ओलावा त्यातून आत जातो आणि खाली गंज धरतो. आम्ही रंग एकेका भागाचा काढतो आणि पत्रा उघडा पडला त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर मारतो. दुसरीकडून प्रायमर मारून आलेली गाडी आम्हाला पुन्हा पत्र्यापर्यंत न्यावीच लागते, म्हणजे एकाच कामाचे पैसे आपण दोनदा मोजता.

आमचा अंदाज दोन टप्प्यांत का येतो, असे अनेक जण विचारतात, आणि काहींना त्यात आमची चलाखी दिसते. रंगाखाली काय आहे, हे रंग निघेपर्यंत कोणालाही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून पहिला अंदाज पाहणीवरून देतो, त्याचे शुल्क घेत नाही. रंग उतरल्यावर प्रत्येक भागाची छायाचित्रे दाखवून दुसरा अंदाज लेखी देतो. पहिल्याच भेटीत एकगठ्ठा आकडा सांगणारे कारागीर शहरात आहेत, पण तो आकडा पाळण्यासाठी गंजावर लांबी चढवावी लागते.

एनसी की पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर घालून मारायचा रंग), याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. गाडी प्रदर्शनापुरती असेल आणि मूळ धाटणीची मऊ चकाकी हवी असेल, तर एनसीचे पातळ हात आणि पॉलिशची मेहनत करण्याची आमची तयारी आहे. गाडी बडोद्याच्या उन्हात नेहमी चालणार असेल तर पीयू घ्यावा. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासासाठी घातक असल्याने फवारणी चालू असताना बूथजवळ कोणालाही येऊ देत नाही; जुन्या ग्राहकांनीही राग मानू नये.

रंग बदलायचाच असेल तर आरसीवर नोंदलेला रंग आधी पाहावा आणि आरटीओची परवानगी आमच्याकडे येण्यापूर्वी घ्यावी. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असल्यास २०२१ च्या केंद्रीय नियमांत मूळ रूप टिकवण्याची अट आहे, तेव्हा सांगाड्यात हौसेने बदल करू नयेत.

दसऱ्याला गाडी हवी असणाऱ्यांनी श्रावणात येऊन उपयोग नाही. होळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम. बीडिंग (कडांना लावायच्या पट्ट्या) आणि काचांची रबरे त्याआधीच शोधायला घ्यावीत. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ पर्यंत चालू होते, त्यामुळे तिचा माल अजून मिळतो. हेरल्डसाठी मात्र रबरांच्या शोधात रंगकामापेक्षा अधिक दिवस जाऊ शकतात.

पाहणीसाठी गाडी सकाळी, चांगल्या उन्हात आणावी, चालू नसल्यास टो करून आणावी, आणि सोबत आरसी ठेवावी. साध्या पाण्याने धुऊन आणली तर फार उत्तम, पण पॉलिश करून आणू नये: त्यातल्या सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात, आणि तो पुसून काढण्यातच आमचा अर्धा दिवस जातो.