सीरियाला विमानाचे सुटे भाग पाठवताय? निर्बंध उठले, पण परवाना अजून लागतो

३० जून २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी सीरियावरचा निर्बंध कार्यक्रम संपवणारा आदेश काढला आणि तो १ जुलैपासून लागू झाला. युरोपीय संघाने आर्थिक निर्बंध त्याआधीच, मे महिन्यात मागे घेतले होते. डिसेंबरात सीरियावर निर्बंध लादणारा अमेरिकेचा सीझर कायदाही रद्द झाला. लागोपाठ अशा बातम्या आल्या की सुट्या भागांचा व्यापारी ऑर्डर घेऊन मोकळा होतो, आणि माल बंदरावर किंवा पैसे बँकेत अडकले की मग विचारत सुटतो. म्हणून सगळ्यात आधी हे लक्षात घ्या: जे उठले ते अर्थखात्याचे निर्बंध. निर्यात नियंत्रण हे वाणिज्य खात्याच्या ‘बीआयएस’ या विभागाकडे असते आणि ते संपलेले नाही.

बीआयएसने आपला नियम २ सप्टेंबर २०२५ रोजी बदलला. त्यात ‘एसपीपी’ नावाची नवी सवलत आली, तिच्याखाली बराच माल परवान्याशिवाय सीरियाला जाऊ शकतो. ही ओळ वाचून अनेक जण पुढचे वाचतच नाहीत. ही सवलत फक्त ‘ईएआर९९’ या वर्गातल्या मालाला आहे, म्हणजे ज्या वस्तूंचे नाव नियंत्रण यादीत स्वतंत्रपणे नाही अशांना. प्रवासी विमाने, त्यांची इंजिने आणि खास विमानासाठी बनवलेले बहुतेक भाग ‘९ए९९१’ या वर्गात येतात. दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या अमेरिकी यादीत सीरियाचे नाव १९७९पासून आहे, आणि त्या यादीतल्या देशांसाठी या वर्गाला परवाना लागतो. जूनच्या आदेशाने ते नाव त्या यादीतून निघाले नाही.

दिलासा एवढाच, आणि तो लहान नाही, की नागरी विमानवाहतुकीसाठीच्या अर्जांना मंजुरी देण्याकडे कल ठेवायचा असे नव्या नियमात लिहिलेले आहे. पूर्वी असा कल नव्हता. मात्र कल असणे म्हणजे मंजुरी नव्हे. अर्धवट अर्जाला कुठलाच कल वाचवत नाही.

अर्ज कोणी करायचा

अमेरिकी नियम मालाच्या मागे जातो, मालकाच्या नाही. अमेरिकेत बनलेला पंप दहा वर्षे शारजात किंवा मुंबईच्या गोदामात पडून असला, चार वेळा विकला गेला असला, तरी तो दमास्कसला निघाला की ती ‘पुनर्निर्यात’ होते. पुनर्निर्यातीचा अर्ज अमेरिकेबाहेरची कंपनी स्वतः करू शकते. पण माल अजून फ्लोरिडातच असेल, तर ती थेट निर्यात, आणि तिचा अर्ज अमेरिकेतल्या व्यक्तीलाच करता येतो. तिथे तुम्ही कितीही चांगली कागदपत्रे जोडा, उपयोग नाही. आधी माल कुठे आहे ते पाहा, मग अर्जदार ठरवा.

माल युरोपात बनला असेल तर त्यातला नियंत्रित अमेरिकी हिस्सा मोजावा लागतो. बहुतेक देशांसाठी मर्यादा २५ टक्के आहे, सीरियासाठी ती १० टक्के. पंचवीसचा हिशेब करून ‘आम्हाला परवाना लागत नाही’ असे लिहून देणारे भेटतात. ते कायदा मोडत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. एअरबस युरोपची म्हणून ती या नियमाबाहेर, हा समज तर ताबडतोब सोडा. त्या विमानांत अमेरिकी भाग भरपूर असतात.

परदेशी कंपनीचे विमान दमास्कसला उतरून परत जाते त्याला ‘एव्हीएस’ ही वेगळी सवलत आहे. तिचा आधार घेऊन विमान तिथल्या कंपनीला विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

जो कागद कोणाकडेच नसतो

अर्जात प्रत्येक भागाचा नियंत्रण वर्ग लिहावा लागतो. जुन्या साठ्यातून, लिलावातून किंवा मोडीत काढलेल्या विमानातून भाग घेतलेल्याकडे तो नसतोच. मग लोक अमेरिकी विमान प्राधिकरणाचा ८१३०-३ किंवा युरोपचा ‘फॉर्म वन’ जोडून देतात. हे दाखले भाग उडायला योग्य आहे एवढेच सांगतात. निर्यातीच्या वर्गाबद्दल त्यात काही नसते. पीयूसी दाखवून गाडीची मालकी सिद्ध करायला जाण्यासारखे ते आहे. वर्ग उत्पादकाकडून लेखी मागवा. मोठे उत्पादक तो देतात, मात्र वेळ लावतात, म्हणून ऑर्डर पक्की करण्याआधी मागवा. उत्तर नाहीच आले तर बीआयएसकडे वर्गीकरणाची वेगळी विनंती करता येते. अंदाजाने आकडा टाकू नका. चुकीचा वर्ग ही साधी त्रुटी धरली जात नाही, ते खोटे विधान ठरू शकते.

दुसरी अडचण अंतिम वापरकर्त्याची. ‘दमास्कस विमानतळ’ हा पत्ता नाही. भाग कोणत्या कंपनीच्या कोणत्या विमानाला बसणार, त्या विमानाचा नोंदणी क्रमांक आणि उत्पादन क्रमांक काय, काम कोणत्या हँगरमध्ये होणार, जुना भाग काढल्यावर त्याचे काय होणार, हे घोषणापत्रात असू द्या. त्यावर विमान कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही हवी, मध्यस्थाची नको. ‘साठ्यासाठी खरेदी’ असे लिहिलेल्या अर्जावर प्रश्न येणारच. छाननी करणाऱ्याला हा भाग इराणला किंवा रशियाला वळणार नाही ना, हीच शंका असते आणि ती अकारण नाही. इराणच्या माहान एअरवर बीआयएसचा मनाई आदेश २००८पासून आहे, आणि तिच्यापर्यंत माल आडमार्गाने पोहोचवणाऱ्यांवर कारवाया झाल्या आहेत.

साखळीतल्या प्रत्येकाचे नाव अमेरिकेच्या निर्बंध आणि मनाई याद्यांत तपासा: खरेदीदार, मध्यस्थ, मालवाहतूक करणारा, बँक. जुन्या नावानेही तपासा. चाम विंग्ज या खासगी कंपनीवर अमेरिकेने २०१६ मध्ये निर्बंध घातले होते, आता ती फ्लाय चाम या नावाने ओळखली जाते. सीरियाचा पदच्युत अध्यक्ष बशर असद आणि त्याच्या जवळच्या लोकांवरचे निर्बंध जूनच्या आदेशानंतरही कायम आहेत, त्यामुळे कंपनीमागे मालक कोण आहे हेही विचारावे लागते.

अर्ज आणि मुदती

अर्ज ‘स्नॅप-आर’ या पोर्टलवर होतो, त्यासाठी आधी कंपनीचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. शुल्क नाही. परवाना मिळवून देण्याची ‘सरकारी फी’ कोणी मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

९० दिवसांची मुदत सर्रास चुकीची वाचली जाते. अर्जाची नोंद झाल्यापासून ९० दिवसांत तो निकाली काढावा किंवा वर पाठवावा, असा नियम आहे. तुम्हाला प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत. ग्राहकाला ‘तीन महिन्यांत माल’ असे लिहून देऊ नका.

माहिती अपुरी असली की अर्ज ‘कारवाईविना परत’ येतो. हा नकार नाही, दुरुस्त करून पुन्हा भरता येतो. नकाराचा इरादा कळवणारे पत्र आले, तर मात्र पत्राच्या तारखेपासून २० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पोर्टल आठवडाभर न उघडणाऱ्याचे त्यातले सात दिवस असेच जातात. इतक्या गुंतागुंतीच्या विषयावर दूरदेशीच्या छोट्या अर्जदाराला २० दिवस देणे मला अन्यायाचे वाटते, पण नियम तो आहे. अंतिम नकारानंतर अपिलाला ४५ दिवस मिळतात.

भारतातून माल निघणार असेल तर परकीय व्यापार महासंचालनालयाची ‘स्कोमेट’ ही भारताची स्वतःची निर्यात नियंत्रण यादी वेगळी तपासा. अमेरिकी परवाना तिथे चालत नाही.

पैसे आणि करार

परवाना हातात आला तरी बँक नाही म्हणू शकते. कमर्शियल बँक ऑफ सीरियावर अमेरिकेने २००६ मध्ये घातलेल्या बंधनातून मे २०२५ मध्ये सूट मिळाली, पण धास्तावलेल्या बँका एका रात्रीत तयार होत नाहीत. आगाऊ रक्कम घेण्याआधी दोन्हीकडच्या बँकांकडून लेखी होकार घ्या.

आणि परवाना मागे घेतला जाऊ शकतो. इराण एअरने डिसेंबर २०१६ मध्ये एअरबसशी १०० विमानांचा करार केला होता. अमेरिकेने मे २०१८ मध्ये इराणबरोबरच्या अणुकरारातून अंग काढून घेतले, परवाने रद्द झाले, आणि तोवर पोहोचली होती फक्त तीन विमाने. म्हणून परवाना रद्द झाल्यास आगाऊ रक्कम किती दिवसांत परत, वाटेत असलेला माल कोणाच्या खर्चाने मागे आणायचा, तोपर्यंत गोदामाचे भाडे कोणी भरायचे, हे तिन्ही मुद्दे करारात आधीच लिहून दोघांच्या सह्या घ्या.