पाटी नसलेली गाडी आणि नोंदणी नसलेली गाडी

'गाडीला अजून नंबर नाही' असं आपण म्हणतो तेव्हा त्याचे दोन अर्थ निघू शकतात. गाडीची सरकारदरबारी नोंदच झालेली नाही, हा एक. नोंद झाली आहे, पण पाटी अजून लागलेली नाही, हा दुसरा. रोजच्या बोलण्यात एवढी फोड करायची गरज पडत नाही. पण स्टीव्ह जॉब्स यांच्या चंदेरी मर्सिडीजचा विषय निघाला की हीच गल्लत नडते. जॉब्स वर्षानुवर्षं विनापाटीची गाडी चालवायचे, हे खरं. त्यावरून ते बिननोंदणीची गाडी चालवायचे, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांच्या मधल्या फटीतूनच ती गाडी इतकी वर्षं धावत राहिली.

आधी ती गाडी पाहू. मर्सिडीज-बेंझ एसएल ५५ एएमजी, चंदेरी रंगाची, दोन सीटांची. कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो शहरात, अ‍ॅपलच्या आवारात ती उभी असायची, बरेचदा अपंगांसाठी राखलेल्या जागेत. (ती सवय वाईटच होती. तिचा पाटीशी संबंध नाही आणि त्यावर पांघरूण घालायचंही कारण नाही.) मागून पाहिलं तर डिक्कीच्या झाकणावर पाटीसाठी ठेवलेली आयताकृती खोबण रिकामी दिसायची. काही फोटोंमध्ये तिथे बारकोडसारखी एक छोटी पट्टी दिसते. ती पाहून लोकांनी नाना तर्क लढवले. कुणी म्हणे त्यांना सरकारकडून खास सवलत मिळाली आहे. कुणी म्हणे ते दर वेळी दंड भरतात आणि पुढे जातात, एवढ्या पैसेवाल्याला दंडाचं काय! दोन्ही तर्कांच्या मुळाशी एकच समजूत होती, की पाटी नाही म्हणजे गाडी कायद्याच्या बाहेर आहे.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये जॉब्स गेले आणि त्याच महिन्यात, पूर्वी अ‍ॅपलमध्ये संगणक-सुरक्षेचं काम केलेले जॉन कॅलस यांनी दिलेला खुलासा छापून आला. कॅलिफोर्नियात तेव्हा कोऱ्या गाडीला पाटी लावायला सहा महिन्यांपर्यंत मुदत होती. जॉब्स यांनी गाडी लीजवर देणाऱ्या कंपनीशी ठरवून घेतलं होतं, की सहावा महिना चालू असतानाच गाडी परत द्यायची आणि हुबेहूब तशीच दुसरी कोरी गाडी घ्यायची. तोच रंग, तेच मॉडेल. बघणाऱ्याला वाटायचं एकच गाडी वर्षानुवर्षं विनापाटीची फिरते आहे. प्रत्यक्षात गाड्या बदलत होत्या, आणि त्यातली कुठलीही सहा महिन्यांपेक्षा जुनी नव्हती.

आता नोंदणी म्हणजे काय ते पाहू. कॅलिफोर्नियात हा सगळा कारभार मोटार वाहन खात्याकडे असतो. तिथले लोक त्याला 'डीएमव्ही' म्हणतात. डीलरने गाडी विकली की तो विक्रीची नोंद डीएमव्हीला कळवतो, नोंदणीची फी ग्राहकाकडून तिथेच घेतो आणि कागद पुढे पाठवतो. त्या काळी विक्रीची नोंद दाखवणारा एक कागद पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतून चिकटवलेला असायचा. दुरून तो दिसायचा नाही. बघायचा तर गाडीजवळ जाऊन वाकावं लागायचं. गाडीची खरी ओळख तर त्याच्याही आधीची असते. कारखान्यातच तिला १७ अक्षरं-आकड्यांचा एक क्रमांक मिळतो. तो चालकाच्या बाजूला काचेखाली, डॅशबोर्डच्या कडेला एका पट्टीवर असतो आणि बाहेरून वाचता येतो. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. नोंदणी या क्रमांकाला चिकटते. पोलिसाने तो वायरलेसवर सांगितला की गाडी कुणाची, विमा कुणाचा, सगळं बाहेर येतं. पाटी असो वा नसो.

पाटी म्हणजे त्या नोंदीचा रस्त्यावरून वाचता येणारा चेहरा. पत्र्याची ती पाटी फॉल्समच्या तुरुंगात कैदी तयार करतात. ती ग्राहकाच्या हाती पडायला काही आठवडे जातात. तेवढ्या काळात नवी गाडी घरी उभी करून ठेवा, असं कुणाला सांगता येत नाही, म्हणून मुदत दिलेली. तेव्हाच्या कॅलिफोर्नियात डीलरच्या नावाची जाहिरात पाटीच्या जागी लावून फिरणाऱ्या कोऱ्या गाड्या गल्लोगल्ली दिसायच्या. त्यामुळे विनापाटीची गाडी पाहून तिथल्या पोलिसाच्या भुवया उंचावत नसत. त्या गर्दीत एक मर्सिडीज सहज खपून गेली.

एक बारकावा मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सहा महिने ही जास्तीत जास्त मुदत होती. पाटी आधी हातात आली तर ती आधीच लावायची होती. म्हणजे 'सहा महिने पाटीशिवाय फिरण्याचा हक्क' असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. होती ती पाटी येईपर्यंतची सोय. पण पाटी टपालात आहे, की घरात खोक्यात पडली आहे, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला कळणार कसं? त्याला दिसते ती रिकामी खोबण आणि काचेवरचा कागद. कागदावरची तारीख सहा महिन्यांच्या आतली असेल, तर त्याला बोलायला जागाच उरत नाही. म्हणून जॉब्स यांनी कायदा पाळला असं छातीठोकपणे म्हणताना मी थोडा थांबतो. त्यांनी कायदा मोडल्याचं कुणाला दाखवता आलं नसतं, एवढं नक्की.

आता उलट बाजू पाहा, म्हणजे फरक पुरता लक्षात येईल. पाटी चकचकीत आहे, पुढे-मागे नीट बसवलेली आहे, आणि तरी गाडी बिननोंदणीची आहे, हेही होऊ शकतं. कॅलिफोर्नियात नोंदणी दर वर्षी फी भरून चालू ठेवावी लागते. भरली की छोटं रंगीत स्टिकर येतं. ते मागच्या पाटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लावतात. डाव्या कोपऱ्यात महिन्याचं स्टिकर असतं. फी चुकली की पाटी तशीच राहते, नोंदणी मात्र संपते. संपून सहा महिन्यांवर काळ लोटला, तर पोलीस ती गाडी रस्त्यावरून उचलून नेऊ शकतात. हे दुसरे सहा महिने. बरेच जण ते पहिल्या सहा महिन्यांशी जोडून मोकळे होतात. पहिले सहा महिने कोऱ्या गाडीला पाटीपुरती दिलेली सूट होती. हे दुसरे सहा महिने म्हणजे गाडी उचलून नेण्यासाठी आखलेली रेघ, आणि तिच्या आतही बिननोंदणीची गाडी रस्त्यावर आणणं गुन्हाच असतो. एक तिसरा प्रकारही आहे. गाडी वर्षभर चालवायचीच नसेल, तर मालक डीएमव्हीला तसं आधी कळवून थोडक्या फीत सुटू शकतो. अशा गाडीला पाटी असते, दफ्तरात नावही असतं, पण तिला रस्त्यावर यायची परवानगी नसते. थोडक्यात, पाटी पाहून नोंदणी कळत नाही आणि नोंदणीवरून पाटी कळत नाही.

ही युक्ती कॅलिफोर्नियातच का जमली, यालाही कारण आहे. तिथे साधी पाटी गाडीबरोबर राहते. गाडी विकली की पाटी नव्या मालकाकडे जाते, आणि कोऱ्या गाडीला कोरी पाटी यायची वाट पाहावी लागते. न्यूयॉर्क किंवा फ्लोरिडात पाटी मालकाची असते. जुनी गाडी दिली की पाटी काढून घ्यायची आणि नव्या गाडीवर चढवायची. तिथे दर सहा महिन्यांनी मर्सिडीज बदलली असती, तरी तीच पाटी मागोमाग आली असती. म्हणजे नुसता पैसा असून भागलं नसतं. राज्यही योग्य हवं होतं.

पण एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या चरित्रकाराशी बोलताना जॉब्स यांनी सांगितलं, की लोक आपला पाठलाग करतात आणि पाटीवरून घराचा पत्ता शोधू शकतात. मग लगेच त्यांनी कबूल केलं, की नकाशे इंटरनेटवर आल्यापासून या कारणात फारसा दम राहिलेला नाही. पाटी लावत नाही कारण लावत नाही, एवढंच. या उत्तराचा पहिला भाग लोक हसण्यावारी नेतात. मला ते पटत नाही. १९८९ मध्ये अभिनेत्री रेबेका शेफर यांचा लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या घराच्या दारात खून झाला. मारेकऱ्याने त्यांचा पत्ता एका खाजगी गुप्तहेरामार्फत मिळवला होता, आणि तो आला होता डीएमव्हीच्या दफ्तरातून. त्या काळी थोडी फी भरून असा पत्ता मिळू शकत असे. त्यानंतर कॅलिफोर्नियाने हे दार बंद केलं, आणि १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला, की वाहनखात्यातली खाजगी माहिती कुणालाही अशी देता येणार नाही.

इथे पुन्हा नोंदणी आणि पाटी वेगळ्या करून पाहा. शेफर यांचा पत्ता नोंदणीच्या दफ्तरातून फुटला, पाटीवरून नाही. धोका दफ्तरात होता, म्हणून कुलूप दफ्तराला लागलं, आणि ते योग्यच झालं. पाटी काढून टाकल्याने दफ्तरातला पत्ता पुसला जात नाही. शिवाय क्युपर्टिनोत विनापाटीची चंदेरी मर्सिडीज दिसली की ती कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पालो आल्टोमधलं जॉब्स यांचं घरही लोकांना माहीत होतं. पाटी नसण्यानेच त्यांची गाडी चारचौघींत उठून दिसू लागली होती. लपण्यासाठी याहून वाईट उपाय शोधून सापडला नसता. त्यामुळे त्यांच्या उत्तराचा दुसरा भाग मला जास्त खरा वाटतो.

ज्यांना खरंच लपण्याची गरज आहे, त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियात वेगळी तरतूद आहे. न्यायाधीश, पोलीस आणि अशाच जोखमीच्या पदांवरच्या लोकांचा पत्ता दफ्तरात गोपनीय ठेवता येतो. त्यांची पाटी मात्र गाडीवर असते. ती यादी कामावरून ठरते. प्रसिद्धी किंवा श्रीमंती तिथे चालत नाही. ज्याला पदामुळे धोका आहे त्याने पाटी लावून फिरायचं, आणि ज्याला पाटी नको वाटते त्याने दर सहा महिन्यांनी नवी गाडी घेऊन सुटायचं, हे तेव्हाचं चित्र मला मनापासून खुपतं.

या सवलतीची किंमत इतर लोक मोजत होते. गोल्डन गेट पुलावर २०१३ च्या मार्चपासून रोख टोल घेणं बंद झालं. तेव्हापासून कॅमेरा पाटीचा फोटो काढतो आणि बिल घरी येतं. पाटीच नसेल तर फोटोत उरते रिकामी खोबण, आणि ते बिल कुणालाच जात नाही. टोल बुडतो, हे एक वेळ सोडून देऊ. पण कुणाला धडक देऊन पळालेल्या गाडीला पाटी नसेल, तर पाहणाऱ्याने पोलिसांना काय सांगायचं? दफ्तरात त्या गाडीची नोंद शाबूत असते, १७ अक्षरांचा क्रमांकही असतो. पण पळणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवरची पट्टी कुणी वाचू शकत नाही. नोंदणी आणि पाटी यांतला फरक सगळ्यात क्रूरपणे दिसतो तो इथे. नोंदणी आहे, आणि तरी रस्त्यावर पडलेल्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही.

ही फट बुजवणारा कायदा २०१६ मध्ये झाला. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी सही केली, आणि १ जानेवारी २०१९ पासून तो लागू झाला. आता डीलर गाडी हातात देतानाच तात्पुरती कागदी पाटी लावून देतो. तिच्यावर त्या गाडीचा स्वतंत्र क्रमांक असतो, मुदत संपायची तारीख ठळक छापलेली असते, आणि मुदत ९० दिवसांची. तो क्रमांक डीलरने विक्रीच्या वेळीच यंत्रणेत नोंदवलेला असतो. म्हणजे नोंदणी आणि पाटी यांच्यामध्ये पूर्वी जे रिकामे महिने होते, ते पहिल्या दिवसापासून भरले गेले.

आज कुणी तशीच चंदेरी मर्सिडीज दर तीन महिन्यांनी बदलायची म्हटली, तरी बदलू शकेल. पैशाला कोण अडवणार? पण दर वेळी शोरूममधून निघताना त्या खोबणीत जाड कागदाची पाटी बसवलेली असेल, तिच्यावरचा क्रमांक दर वेळी वेगळा असेल, आणि गोल्डन गेटवरचा कॅमेरा तो वाचेल.