सह्यांचा शर्ट आणि नागपूरचं ऊन

दहावीचा शेवटचा पेपर सुटला की धरमपेठ असो की महाल, शाळेच्या फाटकाबाहेर तेच दृश्य. पोट्टे-पोट्ट्या एकमेकांच्या पाठीवर, बाहीवर, कॉलरवर नावं लिहून राहिलेले. परवा असा एक घोळका पाहून घरी आलो, तर भाची तिचा मागच्या वर्षीचा शर्ट घेऊन बसली होती. वर्षभर तो तिच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीत हँगरला टांगलेला होता.

"मामा, एकदाही धुतला नाही हा. मग नावं काहून उडून राहिली?"

पाठीवरची अर्धी नावं खरंच गेली होती. काही निळ्याची लालसर झाली होती, काहींची फक्त पेन दाबल्याची रेघ उरली होती. ताई म्हणाली, "नागपूरची गर्मी आहे ही, इथं काय टिकते?" मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात माझा १९९४ चा शर्ट आहे. कडा थोड्या फाकल्यात, पण एकूण एक नाव वाचता येतं. अन् मे महिन्यात आमचा माळा म्हणजे स्लॅबखालची भट्टी असते, भाचीच्या खोलीपेक्षा कितीतरी गरम. गर्मीच दोषी असती तर आधी माझी नावं गेली असती.

दोष उजेडाचा आहे. का, ते समजायला शाईच्या रेणूत शिरावं लागतं, आणि तो रेणू मला कॉलेजपासून फार आवडतो.

लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये बॉलपेनचं पेटंट घेतलं तेव्हा खरी युक्ती घट्ट, तेलकट शाईची होती. या शाईत रंग विरघळवलेला असतो. निळ्या बॉलपेनात बहुतेक वेळा त्यातला एक रंग क्रिस्टल व्हायोलेट किंवा त्याचा जवळचा भाऊबंद असतो. तुम्ही याला ओळखता. लहानपणी तोंड आलं की आई कापसानं जे जांभळं औषध लावायची, ते जेन्शन व्हायोलेट म्हणजे हाच. हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत मांडली, तिच्यातही याच कुळातला रंग होता. आज प्रयोगशाळांत त्यासाठी क्रिस्टल व्हायोलेटच वापरतात.

या रेणूची रचना सिलिंग फॅनसारखी आहे. मधोमध एक कार्बन अणू. त्याला तीन पाती, प्रत्येक पातं म्हणजे बेंझीनचं एक कडं, किंचित पिळलेलं. प्रत्येक पात्याच्या टोकाला नायट्रोजन आणि प्रत्येक नायट्रोजनवर दोन मिथाइल गट, म्हणजे एकूण सहा. आता गंमत बघा. बेंझीन स्वतः पाण्यासारखं बिनरंगी असतं, कारण एका कड्यात इलेक्ट्रॉनांना फिरायला जागा तोकडी असते. तोकड्या जागेतल्या इलेक्ट्रॉनाला वरच्या पायरीवर चढवायला मोठी ऊर्जा लागते, ती अतिनील किरणांतच असते, आणि ते आपल्याला दिसत नाहीत. इथं मात्र मधला कार्बन पुलासारखा उभा आहे. एका टोकाच्या नायट्रोजनपासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं अंगण इलेक्ट्रॉनांना मोकळं होतं. अंगण वाढलं की पायरी बुटकी होते. मग साधा पिवळा प्रकाश, सुमारे ५९० नॅनोमीटरचा, तिच्यासाठी पुरतो. पिवळा शोषला गेला की उरलेला उजेड आपल्या डोळ्याला जांभळा-निळा दिसतो. म्हणजे रंग एखाद्या अणूत बसलेला नाही. तो त्या अंगणाच्या लांबी-रुंदीत आहे.

आणि जो प्रकाश शोषला म्हणून रंग दिसतो, तोच त्या रेणूला मोडायची संधी देतो. ऊर्जा घेऊन अस्वस्थ झालेला रेणू ती कधी शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतो. चेतलेला ऑक्सिजन उलट त्याच्यावरच चालून येतो. मग दोन गोष्टी घडतात. एक, मिथाइल गट एकेक करून गळतात. गट गळला की शोषणाची जागा सरकते आणि रंग लालीकडे झुकतो. सहाही गळाले तर उरतो किरमिजी रंगाचा पॅरारोझॅनिलीन. दुसरी, मधल्या कार्बनपाशी पूलच तुटतो. अंगणाचे तुकडे होतात, रंग संपतो. भाचीच्या शर्टावर हे दोन्ही दिसत होतं: लालसर झालेली नावं पहिल्या वाटेवर, नुसती रेघ उरलेली दुसऱ्या वाटेच्या शेवटाला.

गर्मीचा हिशेबही करून टाकू. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. तेवढ्या गर्मीत रेणूला मिळणारा सर्वसाधारण धक्का आणि पिवळ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा यांची तुलना केली, तर प्रकाशकण सुमारे ७५ पट भारी पडतो. एकदा सुरू झालेली मोडतोड गर्मीनं वेग घेते, हे खरं. पण पहिला घाव उजेडाचा. आपल्या आया-आज्यांना हे ठाऊकच होतं. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, पण उन्हात वाळत घातला की जातो. हळदीचा रंगही प्रकाशानंच मोडतो.

साबणाची वाट वेगळी. धुण्याच्या सोड्याचं पाणी अल्कधर्मी असतं आणि त्यातला हायड्रॉक्साइड आयन नेमका मधल्या कार्बनला जाऊन चिकटतो. पूल बंद, रंग गायब. अकरावी-बारावीला अनुमापन करताना फिनॉल्फथेलीन गुलाबी होतं आणि अल्कली फारच जास्त झाली तर हळूहळू पुन्हा बिनरंगी होतं, तेही याच कारणानं. दोघं एकाच कुळातले.

एक व्हिडिओ सध्या फिरतो आहे: शर्ट मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, सह्या जन्मभर टिकतात. असं अजिबात करू नका. कापड रंगवताना हौदात मीठ घालतात ते वेगळ्या कामासाठी. तिथं पाण्यातला कापूस आणि रंग दोघंही ऋणभारित असतात, एकमेकांना लोटतात. मीठ ते लोटणं कमी करतं. आपला जांभळा रंग मुळात धनभारित आहे. शिवाय मीठ उजेड अडवत नाही. रात्रभर पाण्यात ठेवल्यानं मैत्रिणींची नावं फक्त पसरतील.

उजेडानं उलट गडद होणारी शाई हवी असेल तर ती मतदानाच्या वेळी बोटाला लागते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, १९६२ च्या निवडणुकीपासून ती म्हैसूरला बनते. पण ती दुकानात मिळत नाही. सह्यांसाठी काजळीचा काळा रंग असलेलं जेल पेन घ्यावं. काजळीचे कण विरघळत नाहीत आणि उन्हाला सहसा दाद देत नाहीत. अन् शर्ट पेटीत ठेवावा.

भाचीचा यावर पूर्ण विश्वास बसला नाही, ते मला आवडलं. तिनं पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर निळ्या बॉलपेननं स्वतःचं नाव दोनदा लिहिलं, एकावर पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद घट्ट शिवला आणि पट्टी गच्चीच्या तारेला टांगली. दोन्ही नावांना हवा तीच, गर्मी जवळपास तीच. तीन आठवड्यांनी, एप्रिलच्या मध्यावर, टाका उसवला. कागदाखालचं नाव तसंच निळं होतं. उघड्यावरचं तिला वाचता आलं, कारण काय लिहिलं होतं ते तिला आधीच माहीत होतं. मला ते वाचता आलं नाही.