ट्रक ड्रायव्हरची आठ तासांची ड्युटी

वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही गाडी चालवण्याचे तास ठरवून द्यायला हवेत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी सप्टेंबर 2021 मध्ये म्हणाले. ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याकडे असा नियमच नाही. नियम आहे, आणि तो स्वातंत्र्यापेक्षा जुना आहे.

1939 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 65 ने मालकांना बजावलं होतं: 5 तास गाडी चालवली की किमान अर्धा तास विश्रांती, 24 तासांत 9 तासांपेक्षा आणि आठवड्यात 54 तासांपेक्षा जास्त काम नको. पुढे 1961 मध्ये मोटार वाहतूक कामगारांसाठी वेगळा कायदा आला. त्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास ठरले, लांब पल्ल्यासाठी 10 आणि 54 पर्यंत सूट मिळाली. अर्ध्या तासाची विश्रांती कायम राहिली आणि एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होण्याआधी सलग 9 तासांची सुट्टी आली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने कलम 91 मध्ये याच कायद्याकडे बोट दाखवलं.

मग घोडं अडलं कुठे? एक म्हणजे, 1961 चा कायदा 5 किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. आपल्याकडे ट्रकमालक म्हणजे बहुतेकदा एक-दोन गाड्यांचा धनी. तिथे ड्रायव्हरला पैसे खेपेवर मिळतात, तासावर नाही. थांबला तर नुकसान त्याचंच.

दुसरी गोम त्याच कायद्यातल्या 'कामाचे तास' या व्याख्येत आहे. टर्मिनलवर नुसतं हजर राहून वाट पाहण्याचा वेळ 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामात धरायचा. बंदराच्या किंवा कारखान्याच्या गेटबाहेर ट्रकची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हे वाचून हसू येईल. रांग हातभर पुढे सरकली की इंजिन चालू करायचं, गाडी पुढे घ्यायची, पुन्हा बंद. याला ना झोप म्हणता येत, ना काम.

एक नियम मात्र रस्ता ओळखणाऱ्या कुणीतरी लिहिला असावा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या, म्हणजे अनेक राज्यांत माल नेण्याचा परवाना असलेल्या, ट्रकला किमान दोन ड्रायव्हर सक्तीचे होते. शिवाय पुढच्या सीटमागे केबिनच्या पूर्ण रुंदीचा बाक हवा होता, दुसऱ्याला पाय पसरून झोपता यावं म्हणून. प्रत्यक्षात त्या बाकावर बऱ्याचदा क्लीनरच झोपायचा. 2018 मध्ये दुसऱ्या ड्रायव्हरची सक्ती काढून टाकण्यात आली.

1961 चा कायदा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. टर्मिनलवरची ती 15 मिनिटं तिच्यातही तशीच आली आहेत.