अपारंपरिक सुरक्षा धोक्यांचा अभ्यास (खानदेश)

परकी सैन्याशी संबंध नसलेल्या, तरी माणसांचा जीव, पोटापाण्याची साधने किंवा शासनाचा कारभार अडचणीत आणणाऱ्या संकटांचा विद्यापीठीय अभ्यास. अफवा, साथी, पिकांवरील रोग, पाणीटंचाई, सायबर फसवणूक हे त्याचे नेहमीचे विषय. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने मानवी सुरक्षेची सात अंगे सांगितली : आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरण, वैयक्तिक, सामुदायिक आणि राजकीय. ही यादी इतकी ऐसपैस आहे की तीत काहीही बसवता येते. म्हणून विषय घेतानाच धोका कुणाला, कशापासून, कोणत्या वाटेने आणि किती वेळात, हे चार प्रश्न सोडवावे लागतात. शेवटचा प्रश्न बहुधा राहून जातो आणि अभ्यास तिथेच फसतो.

जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना १९९०) कार्यक्षेत्रात येतात. राष्ट्रीय सुरक्षा म्हटले की इथे भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी आणि भुसावळ जंक्शन डोळ्यांपुढे येते. अलीकडे माणसे मात्र अफवेने मेली.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, चेन ओढली गेली, शेजारच्या रुळावर उतरलेल्यांना कर्नाटक एक्सप्रेसने चिरडले. किमान १२ जण दगावले. पहिल्या घटनेआधी मोबाइलवरचे संदेश फिरत होते, दुसरी अफवा डब्यातल्या डब्यात तोंडी पसरली. सगळा दोष व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारा प्रबंध या दोन घटना शेजारी ठेवल्या की टिकत नाही.

अशा घटनेचा अभ्यास वेळपत्रकाने, म्हणजे काय केव्हा घडले याच्या तक्त्याने, सुरू होतो. प्रत्येक साक्षीदारासाठी तीन रकाने आखतात : स्वतः पाहिले, दुसऱ्याकडून ऐकले, पुढे सांगितले. वेळ घड्याळाने आठवत नसेल तर बाजार भरण्याची वेळ, एसटीची फेरी, नमाज किंवा आरती यांच्या आधारे लावून घेतात. गुन्हा नोंदवल्याची वेळ ही घटनेची वेळ धरू नये. दोन्हींत काही तासांचे अंतर असू शकते. संदेश मिळाला तर फोनमधील मूळ तारीख पाहावी, सांगितलेली नव्हे. ‘फॉरवर्डेड’ ही खूण जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्यानंतर आली. त्याआधीच्या संदेशात ती शोधणे व्यर्थ. साक्री-नवापूर पट्ट्यात मावची, भिली, कोकणी, अहिराणी बोलल्या जातात; मुलाखत प्रमाण मराठीत घेतली की माणूस बातमीपत्रातले वाक्य परत सांगतो. दुभाषा त्याच गावचा नसावा, पण बोली त्याच पट्ट्यातली असावी.

केळीवरील हरण्या रोगाची, म्हणजे काकडी मोझॅक विषाणूची, गती वेगळी. तो मावा किडीमार्फत आणि रोगट लागवड साहित्यातून येतो. लागण झाल्यावर पानांवर पिवळे पट्टे दिसायला काही आठवडे जाऊ शकतात. पट्टे दिसल्यावर शेतकरी झाडे उपटून गाडतो (त्याने तसेच करायला हवे), म्हणून पंचनाम्याच्या वेळी मोजायला रोगट झाडच उरत नाही. मृगबागेत (जून-जुलैत लावलेल्या केळीत) लागवडीनंतरचे पहिले दोन-तीन महिने दर आठवड्याला ओळीओळीने फिरून रोगट झाडांची जागा नकाशावर ठिपक्यांनी मांडली, तर रोग रोपवाटिकेतून आला की बांधावरून, याचा अंदाज बांधता येतो. पहिल्याच फेरीत ठिपके शेतभर विखुरलेले असतील तर संशय रोपांवर जातो. काकडी, भोपळा, मिरचीच्या कडेने दाटले असतील तर माव्यावर. विषाणू झाडभर सारखा पसरत नाही, त्यामुळे एका जुन्या पानाचा नमुना प्रयोगशाळेत निर्दोष ठरू शकतो. कोवळ्या पानांचे एकाहून अधिक तुकडे बर्फात ठेवून पाठवतात.

यावल-रावेर पट्ट्यातील भूजल वर्षानुवर्षे खाली जाते, तिथे हंगामी मोजणी पुरते. मात्र तापीच्या गाळातले पाणी खोल कूपनलिकांनी उपसले जाते आणि पातळीचे निरीक्षण बहुधा उघड्या विहिरीवर होते. विहीर कोरडी पडली की तिचा आकडा यादीतून गळतो आणि उरलेल्या विहिरींची सरासरी आहे त्यापेक्षा बरी दिसते. कोरड्या विहिरीची नोंद ‘तळाच्याही खाली’ अशी ठेवावी, रिकामी सोडू नये.

सायबर फसवणुकीत १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावरील तक्रारींचा आकडा तेवढा हाती लागतो. लाजेने गप्प बसलेले त्यात नसतात.

नावे गाळणे लहान पाड्यावर पुरेसे नसते. ‘सरपंचाचा पुतण्या, रेशन दुकानदार’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, आणि खटला चालू असेल तर साक्षीदार अडचणीत येतो. त्यामुळे नाते व व्यवसाय स्थूल वर्गांत नोंदवतात, मूळ ध्वनिफिती वेगळ्या कुलपात राहतात, आणि संमती लेखी नको म्हणणाऱ्याची तोंडी संमती त्याच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करतात.