अलाऊ की डिनाय? रजिस्ट्रीच्या दारात अडलेला प्रोग्राम

"कळत नसेल तर सरळ 'डिनाय' दाबायचं, त्यात काही बिघडत नाही." सुरक्षा सॉफ्टवेअरने 'हा बदल करू द्यायचा का?' असं विचारलं की काय करावं, यावरचा हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की एकदा त्याचा समाचार घ्यायचाच होता. मीही तो पाळायचो. एकदा प्रिंटरचा ड्रायव्हर टाकताना सुरक्षा सॉफ्टवेअरने विचारलं, अमुक फाइल रजिस्ट्रीत बदल करू पाहतेय, करू द्यायचा का? फाइलचं नाव अनोळखी, म्हणून नाही म्हटलं. इन्स्टॉलरने काम झाल्याचं सांगितलं, मशीन रीस्टार्ट झालं, आणि प्रिंटर मात्र ढिम्म. मी नाकारलेली नोंद 'रनवन्स' या कीमधली, म्हणजे रजिस्ट्रीतल्या कप्प्यातली होती. तिथे लिहिलेली आज्ञा पुढच्या लॉगिनला एकदाच चालते आणि पुसली जाते. इन्स्टॉलरचं उरलेलं काम नेमकं तिच्यावर सोपवलेलं होतं.

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि त्यावरचे प्रोग्राम आपली सेटिंग्ज जिथे ठेवतात ते सामाईक कपाट. पूर्वी ही सेटिंग्ज आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फायलींत विखुरलेली असत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री आली ती अगदी मर्यादित कामापुरती. विंडोज ९५ पासून सगळा संसारच तिच्यात थाटला गेला. आत फोल्डरसारख्या 'की' असतात, कीमध्ये 'व्हॅल्यू', म्हणजे प्रत्यक्ष नोंदी. तुम्ही नुसती खिडकी हलवली तरी कुठेतरी एखादी व्हॅल्यू बदलू शकते. या सगळ्यावर विचारणा झाली तर दुसरं काही करायलाच नको, म्हणून पहारा असतो तो मोजक्या, मोक्याच्या कींवर.

आता मला खरं आवडतं ते सांगतो: हा पहारा बसतो कुठे? जुन्या पद्धतीत सॉफ्टवेअर विंडोजला सांगून ठेवायचं, "या कीमध्ये काही बदललं तर मला उठव." पण हाक यायची बदल झाल्यानंतर, आणि नेमकं काय बदललं हेही त्यात नसायचं. आधीची नक्कल जवळ ठेवून ताडून पाहावं लागे. म्हणजे इथे 'डिनाय' याचा अर्थ अडवणं नव्हेच, जुनी व्हॅल्यू पुन्हा लिहिणं. उलट बाजूचा प्रोग्राम हट्टी असेल तर तो परत लिहिणार, हा परत पुसणार, आणि तुमच्यासमोर तीच खिडकी दहा वेळा.

विंडोज एक्सपीपासून कर्नलमध्येच, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच, एक सोय आली. कोणताही प्रोग्राम व्हॅल्यू लिहू लागला की ती विनंती सिस्टिम कॉलमधून (प्रोग्रामने गाभ्याकडे काम मागण्याची ठरलेली वाट) कर्नलच्या 'कॉन्फिगरेशन मॅनेजर' या भागाकडे जाते. सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचा कर्नलमध्ये चालणारा भाग, तिथे आपलं एक फंक्शन नोंदवून ठेवतो. लिहिण्याच्या आधी कॉन्फिगरेशन मॅनेजर त्या फंक्शनला हाक मारतो आणि हातात देतो सगळा तपशील: 'की' कोणती, व्हॅल्यूचं नाव काय, डेटा कोणता, किती बाइट. फंक्शनने 'ठीक' म्हटलं तर लिखाण पुढे सरकतं. 'ॲक्सेस डिनाइड' म्हटलं तर कपाटाला हातही लागत नाही आणि मागणाऱ्याला एरर क्रमांक ५ मिळतो. तुमचं उत्तर येईपर्यंत तो थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या कामाचा तो धागा, तिथेच ताटकळत ठेवता येतो.

पण नीट पाहा, त्या फंक्शनच्या हाती काय आलं? जागा आणि मजकूर. हेतू नाही. कुणी 'रन' कीमध्ये स्वतःला लॉगिनबरोबर चालू करण्याची नोंद टाकतंय, एवढं दिसतं. चॅटचा प्रोग्राम हेच करतो, तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ चोरून टिपणारा कीलॉगरही हेच करतो, अक्षरशः तोच फंक्शन कॉल वापरून.

म्हणून मी आधी स्वतःला विचारतो, गेल्या मिनिटभरात मी काय केलं? इन्स्टॉल किंवा अपडेट चालू असेल आणि नोंदीतला फाइलचा पत्ता त्याच प्रोग्रामच्या फोल्डरचा असेल, तर अलाऊ. नुसता ब्राउझर उघडून वाचत बसलो असताना तात्पुरत्या फायलींच्या 'टेम्प' फोल्डरमधली फाइल 'रन'मध्ये शिरू पाहतेय? डिनाय. 'एससीव्हीहोस्ट' असं नाव दिसलं तर अक्षरांचा क्रम नीट पाहा. खरी 'एसव्हीसीहोस्ट' फाइल सिस्टिम३२ मध्ये राहते. दोन ठिकाणी मी फारसा विचारच करत नाही, सरळ डिनाय. एक, 'विनलॉगन'मधली 'शेल' व्हॅल्यू, म्हणजे लॉगिननंतर डेस्कटॉप दाखवायला कोणता प्रोग्राम उघडायचा ती नोंद. तिथे एक्सप्लोररच्या जोडीला दुसरं नाव येण्याचं घरच्या मशीनवर कारण नाही. दुसरं, 'इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स'मधली 'डीबगर' व्हॅल्यू. प्रोग्रामरच्या सोयीची ही जागा, पण तिच्यामुळे तुम्ही उघडता अँटिव्हायरस आणि चालू होतं भलतंच.

पुसण्याच्या विचारणेत मात्र लोक हमखास फसतात. मालवेअर काढणारं एक टूल चालवता, ते वाईट नोंद पुसायला जातं, तेवढ्यात दुसरा पहारेकरी विचारतो, आणि सवयीने डिनाय दाबून तुम्ही घाणीलाच संरक्षण देता. स्पायबॉट या मालवेअर काढणाऱ्या टूलच्या 'टीटायमर' नावाच्या पहारेकऱ्यामुळे हे इतकं व्हायचं, की सफाईला मदत करणारे जाणकार आधी तो बंद करायला सांगत. विनपॅट्रोल या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर पहाऱ्याला स्कॉटी नावाचा कुत्रा होता आणि तो भुंकायचा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली की माणूस न वाचता क्लिक करतो.

याच भीतीवर 'रजिस्ट्री क्लीनर' विकले जातात. काही शे निरुपयोगी नोंदी काढल्याने मशीन पळू लागतं, ही ताईत बांधण्यातली श्रद्धा आहे. रजिस्ट्रीत नोंद तिच्या पत्त्यावरून शोधली जाते. शेजारी कचरा पडलेला असल्याने शोध जाणवण्याइतका मंदावत नाही. उलट चुकीची नोंद उडाली तर प्रोग्राम बसलाच म्हणून समजा.

चुकून अलाऊ झालं तर? विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' टॅब आहे, तिथे नोंद 'डिसेबल' करता येते. गंमत अशी, की त्याने मूळ नोंद पुसली जात नाही. 'स्टार्टअपअप्रूव्ह्ड' नावाच्या दुसऱ्या कीमध्ये ती बंद असल्याचं लिहिलं जातं. पहारा तिथेही असेल तर खिडकी पुन्हा येईल: टास्क मॅनेजर रजिस्ट्रीत बदल करू पाहतोय, करू द्यायचा का?