भाव उतरल्यावर घर परवडेल का?

गृहकर्ज ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरांचे भाव कधीतरी खाली येतीलच, तेव्हा घेऊ, असे ठरवून थांबलेले बरेच ग्राहक आमच्याकडे नुसती चौकशी करून जातात. त्यांचे थांबणे चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. मात्र भाव उतरणे आणि घर परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, पहिली घडली की दुसरी आपोआप घडते असे नाही, हे या पत्रकात आकड्यांनिशी मांडले आहे.

मालमत्तेचा फुगा फुटल्यावर काय होते, याचे ठळक उदाहरण आयर्लंडचे आहे. तेथे २००७ मध्ये शिखरावर असलेले घरांचे भाव २०१३ च्या सुरुवातीपर्यंत निम्म्याहून खाली आले. कागदावर पाहता घरे इतकी स्वस्त झाली होती की नोकरदाराने रांग लावावी. परंतु त्याच काळात बेरोजगारी १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली, पगार कापले गेले आणि बुडीत कर्जांनी वाकलेल्या बँकांनी हात इतका आखडता घेतला की २०११ साली दिलेली गृहकर्जे २००६ च्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होती. ज्यांच्या हाती रोकड होती त्यांचे फावले. बाकीच्यांना कर्ज मिळू लागेपर्यंत बांधकामे थंडावल्याने घरांचा तुटवडा निर्माण झाला, भाडी चढू लागली आणि २०२२ मध्ये भावांनी २००७ चे शिखरही ओलांडले. स्वस्ताई आली होती, पण ती बहुतेकांच्या उपयोगाची नव्हती.

आपल्याकडचा अनुभव थोडा निराळा आहे. मुंबईत १९९५ च्या सुमारास कळसाला पोहोचलेले भाव पुढील काही वर्षे उतरत आणि रेंगाळत राहिले, आणि २००३-०४ च्या सुमारास मध्यमवर्गीय खरेदीदार पुन्हा बाजारात दिसू लागला. पण त्याचे श्रेय केवळ पडलेल्या भावांना देता येत नाही. गृहकर्जाचे व्याजदर १५-१६ टक्क्यांच्या घरातून ८ टक्क्यांच्या आसपास आले होते आणि व्याजावरील प्राप्तिकर वजावटीची मर्यादा २००१ पर्यंत दीड लाख रुपयांवर नेण्यात आली होती. दहा लाखांचे १५ वर्षांचे कर्ज १६ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १४,६९० रुपये येतो, तर ८ टक्क्यांनी सुमारे ९,५६० रुपये. म्हणजे घराचा भाव एक रुपयाने कमी न होताही हप्ता एकतृतीयांशाहून अधिक घटतो. हेच गणित उलटेही फिरते. वीस वर्षांच्या कर्जाचा दर ८.५ वरून १०.५ टक्के झाला, तर भावातील सुमारे १३ टक्क्यांची घट त्यातच जिरून जाते.

ग्राहकांच्या लक्षात सहसा न येणारी बाब मात्र हप्त्याची नसून स्वतःच्या खिशातून घालाव्या लागणाऱ्या रोख रकमेची आहे. रेडी रेकनरनुसार, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या मूल्यदरांनुसार, ६० लाखांचे असलेले आणि तेवढ्यालाच विकले जाणारे घर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते, म्हणजे येथे ४८ लाख. उरलेले १२ लाख, ७ टक्के दराने मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणी शुल्काचे ३० हजार, असे साडेसोळा लाख रुपये खरेदीदाराने स्वतःचे घालावे लागतात.

आता बाजार पडला आणि तेच घर ५० लाखांना मिळू लागले, पण रेडी रेकनरचा दर बदलला नाही, असे समजा. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेकनरचे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते, म्हणून ते ४ लाख २० हजारच राहते. कर्ज मात्र ४० लाखांपर्यंतच मिळते. स्वतःचे १० लाख आणि दोन्ही शुल्के मिळून साडेचौदा लाख होतात. भाव १० लाखांनी उतरला आणि रोख गरज उतरली ती फक्त २ लाखांनी. शिवाय रेकनरचे मूल्य करारातील किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर फरकाची संपूर्ण रक्कम, येथे १० लाख, खरेदीदाराचे उत्पन्न धरली जाते. त्यावर २० टक्के दराने कर धरला तरी २ लाख रुपये जातात आणि हिशेब पुन्हा साडेसोळा लाखांवर येऊन ठेपतो. रेकनरचे मूल्य बाजारापेक्षा जास्त आहे अशी हरकत घेऊन प्राप्तिकर विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. परंतु त्यात वेळ जातो आणि निकाल आपल्या बाजूने लागेलच असे नाही. अशा व्यवहाराआधी सनदी लेखापालांना विचारावे.

हप्ता मात्र अशा वेळी खरोखरच कमी होतो, हेही नमूद केले पाहिजे. ८.५ टक्के दराने वीस वर्षांसाठी ४८ लाखांचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये, तर ४० लाखांचा सुमारे ३४,७०० रुपये. तेव्हा ज्यांची नोकरी मंदीतही टिकेल आणि ज्यांच्याकडे स्वतःची रक्कम तयार आहे, त्यांना थांबल्याचा लाभ मिळू शकतो. ज्यांची अडचण मुळात स्वतःच्या रकमेची आहे, त्यांना तो फारसा मिळत नाही. त्यांनी भावांकडे डोळे लावून बसण्याऐवजी दरमहा बाजूला टाकायची रक्कम वाढवणे आम्हाला अधिक व्यवहार्य वाटते.

आणखी एक गोष्ट. आपल्या शहरांत मंदी आली तरी बांधकाम व्यावसायिक जाहीर दर सहसा उतरवत नाहीत. पार्किंग मोफत, मुद्रांक शुल्क आमच्याकडून, अशा सवलतींत ती घट लपलेली असते. म्हणून जाहिरातीतील दरावर विसंबू नये. त्याच इमारतीतील अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा गोषवारा देणारे उतारे, नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेवर पाहता येतात, आणि घासाघीस करताना त्यातील करारमूल्याचा आधार घेता येतो.

आमच्याकडे येताना मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचे बँक खाते उतारे, चालू कर्जांच्या हप्त्यांचा तपशील आणि मनात असलेल्या इमारतीतील एखाद्या व्यवहाराचे इंडेक्स टू सोबत आणावे. आजचा भाव आणि त्याहून २० टक्के कमी भाव अशा दोन्ही बाजूंनी हप्ता व रोख रक्कम यांचा तक्ता आम्ही तयार करून देतो. भाव केव्हा आणि किती उतरतील याचा अंदाज मात्र आम्ही वर्तवत नाही.